पाचवं कडवं

परवा बुधवार. परवा संध्याकाळी आमच्या चर्चमध्ये मंडळीची सभा भरेल, गार्लंडकाका ठराव वाचतील आणि ट्रीवा लेडफर्ड माफी मागणार नाहीत. एवढं मला स्वच्छ दिसतंय. त्यांचं नाव मंडळीच्या पटावरून निघेल, हेही दिसतंय. दिसत नाही ते हे, की सभा संपल्यावर त्या बाहेर कशा पडणार. चर्चच्या पायऱ्यांना कठडा नाही आणि त्यांच्या गुडघ्यांत दम नाही. गेली कित्येक वर्षं कुणी ना कुणी त्यांना कोपराला धरून खाली उतरवतं. परवा कोण धरेल? मुलं झोपली, नवरा वेस अंथरुणावर पडला, भांडी घासून झाली, तरी त्या पायऱ्या काही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. म्हणून लिहायला बसले.

ट्रीवाबाईंनी आयुष्यभर दोन कामं केली. आठवडाभर मोज्यांच्या कारखान्यात मोज्यांची टोकं शिवायची आणि रविवारी लॉरेल प्रॉंग बाप्टिस्ट मंडळीत पियानो वाजवायचा. मोजा यंत्रातून निघतो तेव्हा बोटांकडून उघडा असतो. ते तोंड बंद करायला बारीक नजर आणि चपळ हात लागतो. "अर्ध्या अमेरिकेचे अंगठे मी झाकलेत," असं त्या सांगायच्या, "आणि एकानेही आभार मानले नाहीत." मग कारखाने एकामागून एक परदेशी गेले, आमच्या डोंगरातली बरीच माणसंही खाली शहरात गेली. ट्रीवाबाई आणि पियानो दोघं जागच्या जागी राहिले.

नवरा डॉयल लवकर गेला. मूलबाळ नाही. पण खोऱ्यातल्या निम्म्या पोरांना त्यांनी गायला शिकवलंय, मलाही. मी चुकीचा सूर लावला की त्या वाजवणं न थांबवता मान वळवून म्हणायच्या, "शॉना, तो सूर कुणाचा आहे? ज्याचा असेल त्याला देऊन टाक." एकदा एका नवरीने लग्नात रेडिओवरचं कुठलंसं गाणं वाजवा म्हणून हट्ट धरला. ट्रीवाबाई म्हणाल्या, "लग्न तुझं आहे पोरी, पण बोटं माझी आहेत." नवरी रडली. तिच्या आईने रात्री घरी येऊन ट्रीवाबाईंना लोणच्याची बरणी दिली.

या बाईला कुणाची भीती वाटत असेल असं मला लहानपणी कधी वाटलं नाही. त्यांच्या भीतीची गोष्ट त्यांनी मला गेल्या उन्हाळ्यात सांगितली, त्यांच्या व्हरांड्यात घेवड्याच्या शेंगा सोलताना.

त्या आठ वर्षांच्या होत्या. गावात संजीवन सभा लागली होती, लोकांचा विश्वास पुन्हा जागवायला रोज रात्री भरणारी, कापडी मंडपात. बाहेरगावच्या प्रचारकाने शेवटच्या रात्री एका मुलाची गोष्ट सांगितली. वेदीपाशी या असं आवाहन झालं तेव्हा तो मुलगा पुढे आला नाही. उद्या बघू म्हणाला, आणि घरी जाताना रेल्वे फाटकात गाडीखाली सापडला. "आमच्याकडे रेल्वे नव्हतीच," ट्रीवाबाई म्हणाल्या. "सगळ्यांत जवळचं फाटक डोंगरापलीकडे, आणि आम्ही घरी जाणार चालत, ओढ्याकाठाने. तरी मला गाडी ऐकू येत होती." आई शेजारी हुंदके देत होती. आईच्या एका हातात रुमाल होता आणि दुसऱ्या हाताने ती यांच्या पाठीला हलकेच पुढे ढकलत होती. त्या गेल्या. ओढ्यात बाप्तिस्मा झाला. काही वाटलं नाही. आपण खोटं केलं असं वाटलं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या, पुन्हा बाप्तिस्मा. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मार्च महिना होता, ओढ्याचं पाणी बर्फासारखं. "त्या वेळी मात्र पाण्यातून काहीतरी घेऊन बाहेर आले. न्यूमोनिया."

मग त्यांच्या चौदाव्या वर्षी आधीची पियानोवाली लग्न होऊन गेली आणि ट्रीवाबाईंनी ती जागा मागून घेतली. का, ते त्यांनी मला जसं सांगितलं तसंच लिहिते. "आवाहनाच्या वेळी सगळ्या खोलीत एकच माणूस असा असतो, ज्याला कुणी पुढे ये म्हणत नाही. त्याचे हात कामात असतात. मी जाऊन त्या जागेवर बसले."

"आणि मग?"

"मग वाजवत राहिले. वर्षं गेली. एक दिवस डॉयलचे मोजे वाळत घालताना लक्षात आलं की भीती गेलीय. कधी गेली ते सांगता येत नाही. त्यामुळे माझी पंचाईत आहे. साक्ष द्यायला उभी राहिले तर माझ्याकडे तारीखच नाही."

आमच्याकडे तारीख असावी लागते. अमुक साली, अमुक सभेत, अमुक गीत चालू असताना माझं तारण झालं, प्रभूने मला पापातून सोडवलं, असं सांगता आलं पाहिजे. माझ्याकडे आहे. वेसकडे आहे. माझ्या मुलीकडे, जूनीकडे, तर दोन आहेत, आणि तिचं वय आठ.

आवाहन म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. संदेश संपतो, डोळे मिटले जातात, पियानो हलक्या आवाजात सुरू होतो आणि पाळक पायऱ्या उतरून वेदीपाशी उभा राहतो. ज्याला प्रभूचा स्वीकार करायचाय त्याने पुढे यावं. गीताला कडवी चार असतात. पाचवं कडवं पाळकाच्या बोटात असतं. कुणीतरी अजून अडखळतंय असं वाटलं की तो डोळे न उघडता एक बोट वर करतो, आणि पियानोवाली पहिल्यापासून सुरू करते. माझ्या लहानपणीचे पाळक ब्रदर होबार्ट लाकडाच्या गिरणीत काम करायचे. त्यांना जेवायची घाई असायची. ते बोट वर करायचे ते नाक खाजवायला. आताचे ब्रदर केन्डल दोन वर्षांपूर्वी सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतून, थेट आमच्याकडे आले.

ब्रदर केन्डल ढोंगी असते तर सगळं सोपं झालं असतं. ते ढोंगी नाहीत. माझी सासू शेवटच्या आजारात होती तेव्हा ते रोज इस्पितळात येऊन तिच्या पायांना तेल चोळायचे. संदेश देताना ते रडतात ते खरंच रडतात. एकदा मला म्हणाले होते, "शॉना, न्यायाच्या दिवशी मला विचारलं जाईल, ते मूल तुझ्यासमोर बसलं होतं, तू काय केलंस?" हा प्रश्न ते रोज उशाला घेऊन झोपतात. अडचण एवढीच, की गेल्या वर्षापासून माझी जूनीसुद्धा तोच प्रश्न उशाला घेऊन झोपते.

ती पहिल्यांदा पुढे गेली उन्हाळी शास्त्रवर्गात. सगळ्या मैत्रिणी गेल्या म्हणून. आम्ही आनंदाने रडलो, सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी केक केला. नाताळात ती पुन्हा गेली. ब्रदर केन्डल म्हणाले, काही मुलांना खात्री करून घ्यावीशी वाटते, चांगलं आहे. मग ती रोज खात्री करायला लागली. अंथरुणात पडल्या पडल्या प्रभूला स्वीकारायची प्रार्थना पुटपुटायची. मी विचारलं तर म्हणे, "आई, मी म्हटलं, पण मनापासून म्हटलं का ते कळत नाही. म्हणून परत म्हणते."

मेमधली गोष्ट. मी परसात कपडे वाळत घालत होते. जूनी शाळेतून आली, स्वयंपाकघरात कुणी नाही. स्टोव्हवर भांडं चढलेलं, नळ वाहतोय, माझ्या चपला दारात. तिने हाक मारली आणि मला वाऱ्यात ऐकू आली नाही. आमच्या कुठल्याही मुलाच्या मनात जे येईल तेच तिच्या मनात आलं. प्रभू येऊन गेला. आपल्या लोकांना वर घेऊन गेला. आई गेली आणि मी मागे राहिले.

मी आत आले तर ती फोनला दोन्ही हातांनी धरून जमिनीवर बसली होती. पलीकडे ट्रीवाबाई होत्या. पोरीने डोकं लढवलं होतं. खोऱ्यात वर नेण्यासारखं पहिलं माणूस कोण, तर ट्रीवाबाई. त्या घरी असतील तर अजून काही झालेलं नाही. मी फोन कानाला लावला तेव्हा पलीकडून शांतपणे चाललं होतं, "मी इथेच आहे गं. ओव्हनमध्ये पाव टाकलेत. प्रभू आज येणार असता तर मी ओव्हन कशाला पेटवला असता? वीज काय फुकट मिळते? आता बाहेर जाऊन कपड्यांच्या दोरीकडे बघ. तुझी आई तिथेच असेल. आजच्यासारखं ऊन ती सोडायची नाही."

त्या दिवसापासून ट्रीवाबाईंना जूनीचं माहीत होतं. बाकी कुणाला नव्हतं. घरची गोष्ट घरात होती.

ऑगस्टमध्ये संजीवन सभा झाली. शेवटच्या रात्री चर्च भरलेलं, पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. आणि मागच्या बाकावर लॉनी उभा होता, गार्लंडकाकांचा मुलगा. गार्लंडकाका माझे नात्याने कुणी नाहीत, पण आमच्या खोऱ्यात ठरावीक वयानंतर सगळे पुरुष काका होतात. ते आमचे ज्येष्ठ डीकन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांतले थोरले. लॉनी दारूच्या पायी घर सोडून गेलेला, आता लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. कित्येक वर्षांनी चर्चमध्ये आला होता. त्याच्यासाठी आम्ही दर बुधवारी प्रार्थना करतो, इतकी वर्षं की लहान मुलांना लॉनी म्हणजे एखादा देश वाटतो.

आवाहन सुरू झालं. चार कडवी झाली, कुणी हललं नाही. ब्रदर केन्डलनी बोट वर केलं. ट्रीवाबाईंनी पुन्हा सुरुवात केली. "इथे कुणीतरी आहे," ब्रदर केन्डल रडत म्हणाले, "ज्याला वाटतंय की आपण आधीच आलो होतो. पण खरंच आला होतास का? मनापासून?" त्यांच्या मनात लॉनी होता, याची मला आजही खात्री आहे. पण माझ्या शेजारी जूनीने पुढचा बाक असा धरला की तिची नखं पांढरी झाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.   ती बाकांच्या मधल्या वाटेकडे सरकली. मी तिचा फ्रॉक धरला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोड ना आई, परत नाही जमलं तर?"

पुन्हा चार कडवी संपली. बोट पुन्हा वर गेलं.

पियानोचं झाकण मिटल्याचा आवाज आला. आपटलं नाही त्यांनी. नीट मिटलं, मोज्याचं टोक शिवून टाकावं तसं. पण इतक्या शांततेत तो आवाज छतापर्यंत गेला. सगळ्यांनी डोळे उघडले. ट्रीवाबाई पर्स घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "ब्रदर केन्डल, त्या लेकराचं तारण झालंय. तिला घरी जाऊन झोपू द्या." मग गुडघे सांभाळत आमच्या बाकाशी आल्या, जूनीला आत सरकायला लावलं आणि तिच्या शेजारी बसल्या. पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून तिला दिली, एक स्वतः तोंडात टाकली. त्यांना मी चर्चमध्ये बाकावर बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मागचं दार वाजलं. लॉनी निघून गेला होता.

दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे शेंगा सोलायला गेले असताना ब्रदर केन्डल आणि गार्लंडकाका आले. मी उठायला लागले तर ट्रीवाबाईंनी माझ्या मांडीवर टोपली ठेवली, म्हणजे बस. गार्लंडकाका टोपी हातात घेऊन पायरीवरच थांबले.

"बस की रे," ट्रीवाबाई म्हणाल्या. "खुर्चीला खिळे नाहीत."

"उभाच बरा आहे."

"उभा राहणाऱ्याला शेंगा सोलाव्या लागतात. इथे फुकट उभं राहायची जागा नाही."

काका बसले. ब्रदर केन्डलनी मात्र खरंच मूठभर शेंगा घेतल्या आणि चुकीच्या बाजूने उघडायला लागले.

"सिस्टर ट्रीवा, माझ्या मनात राग नाही," ते म्हणाले. "पण त्या क्षणी पवित्र आत्मा काम करत होता."

"मग त्याला पियानो कशाला हवा होता?"

"तुम्ही मंडळीसमोर पाळकाला अडवलंत."

"अडवलं. दुसरं कुणी अडवत नव्हतं."

"डीकन लोकांचं एवढंच म्हणणं आहे," ब्रदर केन्डल म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर मऊ होता, "की रविवारी आवाहनाच्या वेळी तुम्ही पुढे या. मंडळीची क्षमा मागा. दोन मिनिटांचं काम. सगळे तुम्हाला मिठी मारतील आणि विषय संपेल. नाहीतर बुधवारच्या सभेत ठराव येईल. पियानोही जाईल आणि पटावरचं नावही."

ट्रीवाबाईंनी हातातली शेंग संपवली. "ब्रदर केन्डल, मी त्या वेदीपाशी तीनदा गेलेय. तिन्ही वेळा कुणीतरी मागून ढकललं म्हणून. चौथ्यांदा जाणार नाही. प्रभूने बोलावलं तर त्याच्याकडे जाईन, त्याला माझा पत्ता माहीत आहे."

"हट्टी आहेस तू," गार्लंडकाका म्हणाले. "तिसरीत होतीस तेव्हापासून."

"तिसरीत तू माझी पाटी फोडली होतीस. अजून क्षमा मागितली नाहीस. तू येतोस का पुढे, मी येते मागोमाग."

मी हसू दाबलं. काका हसले नाहीत. टोपी मांडीवर फिरवत म्हणाले, "ट्रीवा, माझा लॉनी मागच्या बाकावर होता."

"हो."

"बाक धरून उभा होता. मी बघत होतो. डोळे मिटायला हवे होते, पण मी बघत होतो. त्याचा पाय उचलला होता. अजून एक कडवं, ट्रीवा. एकच."

ट्रीवाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. 

"मीही बघत होते," त्या म्हणाल्या. "पियानोवरून सगळी खोली दिसते. तो दिसत होता आणि ही हिची पोरही दिसत होती. दोघांचे हात सारखेच पांढरे झाले होते."

"मग?"

"तो चाळिशीचा माणूस आहे, गार्लंड. त्याला तुझं घर माहीत आहे, प्रभूचंही माहीत आहे. ती आठ वर्षांची आहे."

"आणि तो परत आलाच नाही तर? ट्रक घेऊन कुठे दरीत गेला तर?"

"तर ते माझ्या डोक्यावर. मी ते खाली टाकून देत नाहीये. पण पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा झाकण मिटेन."

काका उठले. ब्रदर केन्डलनी सोललेले दाणे टोपलीत टाकले, टरफलंही त्यातच टाकली. ते दोघे गेल्यावर ट्रीवाबाईंनी टरफलं एकेक करून वेचली.  मी काही बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "गप्प सोल."

रविवार आला. ट्रीवाबाई पुढे गेल्या नाहीत आणि घरीही बसल्या नाहीत. पहिल्या बाकावर, पियानोच्या अगदी समोर, निळा पोशाख घालून बसल्या. पियानोवर कुणीतरी फुलांची कुंडी ठेवली होती, मयताला ठेवतात तशी. तिच्या शेजारी एक यंत्र होतं, गीतं आधीच भरून ठेवलेलं. खजिनदारांच्या भाच्याने आणलेलं. आवाहनाला ते सुरू केलं. चार कडवी झाली. ब्रदर केन्डलनी सवयीने बोट वर केलं. यंत्राला बोट कुठून दिसणार? ते क्षणभर थांबलं आणि भरल्या ऑगस्टमध्ये घंटा किणकिणत नाताळचं गीत सुरू झालं. भाचा धडपडत उठला, त्याने बटण दाबलं, आवाज आणखी मोठा झाला. मागच्या रांगेत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली आणि ती बाकाबाकांतून पसरत गेली. ट्रीवाबाई हसल्या नाहीत. डोळे मिटून बसल्या होत्या, बोटं मांडीवर हलत होती. जूनी हसली. चर्चमध्ये तिला हसताना पाहून किती दिवस झाले होते, ते मला आठवेना.

पण हसण्याने मतं मिळत नाहीत. दुपारी पेट्रोल पंपावर मी दोघींना बोलताना ऐकलं. "एक आत्मा हातातून गेला, आणि कशासाठी? म्हातारीच्या तोऱ्यासाठी." दुसरी म्हणाली, "ते रक्त तिच्या हातावर आहे." या दोघींनाही गायला ट्रीवाबाईंनीच शिकवलंय. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी हवेचा विषय काढला.

आज जेवताना मी वेसला सांगितलं की बुधवारी मी विरोधात मत देणार.

"विरोधात?" तो म्हणाला. "शॉना, आपल्याकडे विरोधात कुणी मत देत नाही. 'विरोधात कुणी?' हे आमेनच्या आधी म्हणायचं वाक्य आहे."

"मग यंदा त्याला उत्तर मिळेल."

"आणि का म्हणून विचारलं तर? जूनीचं सगळं सांगशील? ती रात्री काय पुटपुटते, फोनचं, सगळं? लोक काय म्हणतील ठाऊक आहे तुला. म्हणतील, पोर घाबरते याचा अर्थच तो, की तिचं तारण अजून झालेलं नाही."

हे त्याने खरं सांगितलं. आमच्याकडे भीतीचा अर्थ तोच लावतात. घाबरलेल्या मुलाला पुन्हा पुढे आणतात आणि ते आणखी घाबरतं. ही चक्की किती वर्षं चाललीय? ट्रीवाबाई आठ वर्षांच्या होत्या तेव्हापासून तरी नक्की.

"येत्या हिवाळ्यात मला डीकन करायचं चाललंय," वेस म्हणाला, ताटाकडे बघत. "आपल्याला इथेच राहायचंय. मंडळी सोडायची का आपण?"

"सोडायची कशाला? माझी आई त्या दफनभूमीत आहे. मी त्याच ओढ्यात बुडवून काढलेली आहे. प्रभूवर माझा विश्वास तुझ्याइतकाच आहे, ब्रदर केन्डलइतकाच आहे. मी कुठेही जात नाही आणि त्यांनाही जाऊ देणार नाही."

 तो ताट उचलताना म्हणाला, "जूनीला विचार तरी."

ते मात्र बरोबर होतं. मी तिच्या अंथरुणाशी जाऊन बसले. म्हटलं, ट्रीवाबाईंसाठी मला सगळ्यांसमोर बोलायचंय, त्यात तुझ्याबद्दल सांगावं लागेल. चालेल का?

"त्यांना माझ्यामुळे काढतायत?"

"तुझ्यामुळे नाही. तुझ्या बाजूने बोलल्या म्हणून."

तिने छताकडे बघत विचार केला. "मग सांग. पण मी फोनवर रडले ते नको सांगू. घाबरले एवढंच सांग."

"बरं."

"आणि आई, ब्रदर केन्डलना रागावू नकोस. ते पण घाबरतात."

आठ वर्षांची पोर. मी तिचे केस सारखे केले आणि बाहेर आले.

सभेत ज्याला बोलायचं असेल त्याने अध्यक्षाला आधी कळवायचं असतं. नाहीतर उभं राहिलेलं माणूस अध्यक्षाला दिसत नाही, अशी आमच्याकडची रीत आहे. अध्यक्ष गार्लंडकाका. उद्या सकाळी फोन करावा म्हटलं, तर सकाळपर्यंत मला शंभर शहाणपणाच्या गोष्टी सुचतील. वेसला तर आत्ताच सुचताहेत. कूस बदलल्याचा आवाज येतोय.

काका जागे असतील, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत आहे. लॉनी गेल्यापासून ते उशिरापर्यंत फोनजवळ बसून राहतात, कुठल्यातरी ट्रकतळावरून त्याचा फोन येईल म्हणून. पहिल्याच घंटीला उचलतील. पलीकडे मुलगा नाही, मी आहे, हे कळल्यावर त्यांच्या छातीत काय होईल ते मला इथे बसून कळतंय. मीही कुणाची तरी आई आहे. क्षणभर वाटलं, नकोच.

पण ट्रीवाबाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांच्या डोळ्यांत बघून. मला निदान कानात तरी सांगता आलं पाहिजे. काका, मी शॉना. लॉनी नाही, माफ करा. त्याच्यासाठी मी आजही प्रार्थना केली आणि उद्याही करणार. आणि बुधवारी तुमच्या ठरावाच्या विरोधात मी उभी राहणार. माझं नाव लिहून ठेवा, म्हणजे मी दिसले नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही.

एवढंच बोलायचं. 

आता उठून फोन लावते.